दुसऱ्याच्या हातचा डाव

व्हिडिओ गेम हा मुळात खेळण्याचा विषय. मग तो दुसरे कोणी खेळत असताना तासन्‌तास पाहत बसण्यात कसला आला आहे पुरुषार्थ, असा प्रश्न घरातील वडीलधारी माणसे अधूनमधून विचारतात, आणि वरवर पाहता तो गैरवाजवी आहे असे म्हणता येणार नाही. मैदानावरील सामना पाहणाऱ्याला स्वतःला तसे खेळता येत नसते, म्हणून त्याचे पाहणे आपण बिनतक्रार मान्य करतो. परंतु जो गेम आपल्याच संगणकावर वा मोबाइलवर आहे, जो वाटेल तेव्हा आपणच खेळू शकतो, तो बाजूस सारून एखाद्या परक्या माणसाची धडपड, आणि तीही त्याच्या अखंड बोलण्यासह, असंख्य लोक आवडीने पाहतात, या गोष्टीचा उलगडा केवळ आळसाकडे बोट दाखवून होत नाही.

‘लेट्स प्ले’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आरंभी मूक होता. गेममधील दृश्यांची चित्रे आणि त्यांच्याखाली खेळणाऱ्याने लिहिलेला खुसखुशीत मजकूर, एवढेच त्याचे स्वरूप असे. पुढे यूट्यूबमुळे चलच्चित्रे सर्वांना सुलभ झाली आणि २००७ साली मायकेल सॉयर या अमेरिकन खेळाडूने ‘द इमॉर्टल’ या जुन्या गेमवर स्वतःच्या आवाजात समालोचन केले. बोलक्या ‘लेट्स प्ले’च्या प्रारंभाचे श्रेय सामान्यतः त्याला दिले जाते. २०११ साली केवळ खेळांच्या थेट प्रक्षेपणाला वाहिलेले ‘ट्विच’ सुरू झाले, आणि तीनच वर्षांनी अॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले, तेव्हा हा केवळ पोरखेळ नव्हे अशी व्यापारी जगाचीही खातरजमा झाली.

पण पैसा कशासाठी मोजला गेला हे कळल्याने आनंद कशाचा होतो हे कळत नाही. आकाशवाणीवरून बाळ पंडित क्रिकेटचे मराठी समालोचन करीत तेव्हा श्रोत्यापुढे मैदान नसे. ते शब्दांनी उभे करणे हेच समालोचकाचे कार्य होते. गेमच्या चित्रणात मात्र सारे काही प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आधीच मांडलेले असते, आणि म्हणून ‘आता मी डावीकडे वळलो, आता मी दार उघडले’ अशी हकीकत सांगणारा समालोचक दिसणाऱ्याचीच द्विरुक्ती करीत राहतो व अल्पावधीत कंटाळवाणा होतो. स्क्रीनवर न दिसणारी, परंतु प्रत्येक हालचालीच्या मागे असणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे खेळणाऱ्याचे मन: दोन वाटांपैकी ही वाट त्याने का निवडली, कोणत्या खुणेवर विश्वास ठेवला, कोणती शंका दाबून टाकली. जो समालोचक हे अदृश्य दृश्य करतो, त्याचाच डाव पाहण्यासारखा होतो, असे माझे मत आहे.

मनातील विचार मोठ्याने बोलायला लावून त्यांचा अभ्यास करण्याची पद्धत मानसशास्त्रात जुनी आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात ती बुद्धिबळाला लावली होती. पटावरील एखादी स्थिती खेळाडूपुढे मांडायची आणि चाल निश्चित होईपर्यंत मनात येईल ते त्याने बोलत राहायचे, असा त्यांचा प्रयोग होता, आणि अलेखाइनसारख्या जगज्जेत्यापासून सामान्य खेळाडूंपर्यंत अनेकांनी त्यात भाग घेतला. द ग्रोट यांना त्यात शास्त्र शोधायचे होते. परंतु त्याच क्रियेत रंजनाचेही विलक्षण सामर्थ्य आहे, याची प्रचीती मे २०२० मध्ये एका साध्या सुडोकूने आणून दिली. ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या ब्रिटिश यूट्यूब चॅनेलवर सायमन अँथनी यांच्यापुढे मिचेल ली यांनी रचलेले असे कोडे आले की, ज्याच्या ८१ घरांपैकी अवघ्या दोन घरांत अंक दिलेले होते. जादा नियम एवढेच की, बुद्धिबळातील घोड्याच्या किंवा राजाच्या एका चालीवर तोच अंक पुन्हा येऊ नये, आणि शेजारच्या घरांत लागोपाठचे अंक नसावेत. प्रथम त्यांना ही थट्टा वाटते व ते तसे बोलून दाखवितात. मग एक अंक सापडतो, दुसरा सापडतो, आवाजातील अविश्वासाचे कुतूहलात आणि कुतूहलाचे हर्षात रूपांतर होते, आणि अखेरीस सारे कोडे सुटते. पाहायला होते काय, तर एक चौकट आणि काही आकडे. तरीही लाखो लोकांनी ते पाहिले, कारण एका बुद्धीला मार्ग सापडत जाताना त्यांना प्रत्यक्ष ऐकू येत होते.

हे तत्त्व व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात सर्वाधिक स्वच्छपणे कोठे दिसत असेल, तर ते ‘आउटर वाइल्ड्स’ या २०१९ सालच्या गेममध्ये. अॅलेक्स बीचम यांच्या विद्यार्थिदशेतील प्रकल्पातून वाढलेल्या आणि पुढे बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळविलेल्या या गेममध्ये खेळाडू एक नवखा अंतराळवीर असतो. एका छोट्या सूर्यमालेतील ग्रहांवर तो हिंडतो, नामशेष झालेल्या नोमाई जमातीची भिंतींवरील लिखाणे वाचतो, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन तो मरतो व पुन्हा आरंभस्थानी जागा होतो. त्याला शस्त्रे मिळत नाहीत, शक्ती वाढत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाते ते केवळ ज्ञान. पहिल्या दिवसापासून गेमचा शेवट गाठणे तत्त्वतः शक्य असते. फक्त कसे ते ठाऊक नसते. साहजिकच हा गेम एकदाच खेळता येतो, कारण एकदा मिळविलेले ज्ञान विसरता येत नाही, आणि म्हणूनच तो पूर्ण केलेली माणसे इतरांना तो प्रथमच खेळताना पाहण्यासाठी आतुर असतात.

या पाहण्यातील आनंद तपासून पाहण्याजोगा आहे. या सूर्यमालेत धुक्याने भरलेली एक काटेरी जागा आहे व तेथे प्रचंड मासे दबा धरून असतात; ते आंधळे आहेत आणि आवाजाच्या रोखाने झडप घालतात, ही माहिती दुसऱ्याच एका ग्रहावर मिळते. प्रेक्षकाला ती ठाऊक आहे, खेळणाऱ्याला नाही. तो यानाचे इंजिन पूर्ण वेगाने चालवीत आत शिरतो, खाल्ला जातो, आणि मग आपल्या मृत्यूचे कारण शोधू लागतो: वेग कमी पडला असेल काय, दिवा विझवायला हवा होता काय? प्रत्येक चुकीच्या तर्काबरोबर प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो. आणि नंतर कधीतरी तो दुसरा ग्रह सापडून, ते लिखाण वाचता वाचता खेळणारा वाक्याच्या मध्येच थांबतो व ‘अच्छा, म्हणून!’ असे उद्गारतो, तेव्हा जो आनंद स्वतःला पुन्हा कधीच मिळणार नव्हता, तो प्रेक्षकाला दुसऱ्याच्या तोंडून परत मिळतो. मात्र त्यासाठी खेळणाऱ्याने आपले चुकीचे तर्कही निःसंकोच बोलून दाखविलेले असले पाहिजेत. मुकाट्याने खेळून केवळ अखेरचे उत्तर सांगणाऱ्याचा तो उद्गार निष्फळ ठरतो, कारण तो कोणत्या अज्ञानातून बाहेर पडला हे आपल्याला कळलेलेच नसते.

अपयश पाहण्यात गोडी का असते, याचेही उत्तर येथेच मिळते. जपानमध्ये २००३ सालापासून चालू असलेल्या ‘गेमसेंटर सीएक्स’ या दूरदर्शन कार्यक्रमात शिन्या आरिनो हे विनोदी नट एखाद्या कचेरीतील विभागप्रमुखाचा वेष धारण करून जुने, कठीण गेम पूर्ण करण्याच्या मोहिमेवर बसतात. ते निष्णात खेळाडू नाहीत, आणि कार्यक्रमाचा सारा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. कपाळाला थंडाव्याची पट्टी चिकटवून ते तासचे तास तोच टप्पा पुन्हा पुन्हा खेळतात, अगदीच निरुपाय झाला की एखादा साहाय्यक आत येऊन मदत करतो, आणि कधी कधी मोहीम अयशस्वी म्हणून जाहीर होते. आपण हसतो ते त्यांच्या फजितीला नव्हे. फजितीनंतर क्षणभरात ते जो नवा बेत, पुष्कळदा पहिल्यापेक्षाही अजब असा, मोठ्या उमेदीने जाहीर करतात त्याला.

अपयशाविषयीचे समालोचन गेमच्याच पोटात घालण्याचा प्रयोगही झालेला आहे. बेनेट फॉडी यांच्या ‘गेटिंग ओव्हर इट’ या २०१७ सालच्या गेममध्ये कढईत कमरेपर्यंत अडकलेल्या एका माणसाला केवळ हातोड्याच्या आधाराने डोंगर चढायचा असतो. कोठेही मुक्काम नोंदविण्याची सोय नसते, आणि एका चुकीच्या झटक्यासरशी तासाभराची चढण वाया जाते. असे पतन झाले की स्वतः फॉडी यांचा शांत आवाज नैराश्य आणि चिकाटी यांविषयी काही चिंतनपर बोलू लागतो. स्वाभाविकच प्रेक्षकांना येथे दोन समालोचने एकदम ऐकायला मिळतात: एक तत्त्वज्ञाचे, आणि दुसरे त्या तत्त्वज्ञानावर दातओठ खाणाऱ्या खेळाडूचे. हा गेम खेळणाऱ्यांइतकाच पाहणाऱ्यांमध्ये गाजला, याचे नवल वाटू नये.

भावनेचे प्रदर्शन आणि विचाराचे दर्शन यांत मात्र भेद केला पाहिजे. २०१० सालच्या ‘अॅम्नेशिया’ या भयपटासारख्या गेममध्ये खेळाडूच्या हाती शस्त्रच नसते. लपणे आणि पळणे एवढेच त्याला शक्य असते. फेलिक्स शेलबर्ग ऊर्फ ‘प्यूडीपाय’ या स्वीडिश तरुणाने अशाच गेममधील आपली घाबरगुंडी दाखवून नाव मिळविले, आणि २०१३ साली त्याचे चॅनेल यूट्यूबवर सर्वाधिक सदस्यांचे झाले. त्याच्यामागून किंचाळणाऱ्यांची एक रांगच लागली. पण किंकाळी ही भीतीची केवळ पावती असते, भीती नव्हे. दार उघडण्यापूर्वी ‘हे उघडू नये असे वाटते, पण दुसरी वाटच नाही’ असे पुटपुटणारा जी धास्ती निर्माण करतो, ती दार उघडल्यानंतर ओरडणाऱ्याला साधत नाही.

निष्णात खेळाडूच्या बाबतीत अडचण उलट असते. त्याचे कौशल्य इतके मुरलेले असते की स्क्रीनवर ते दिसतच नाही. अमेरिकेत २०१० साली सुरू झालेल्या ‘गेम्स डन क्विक’ या उपक्रमात अतिवेगाने गेम संपवून सेवाभावी संस्थांसाठी निधी गोळा केला जातो, आणि तेथे खेळाडूच्या मागे कोचावर बसलेले जाणकार त्याच्या हातांना वाचा देतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पाच मिनिटांच्या आत संपविणारा खेळाडू पाहून सामान्य माणूस थक्क होईल, पण त्याला मर्म कळणार नाही. त्या गेममध्ये पातळी संपल्याची दखल दर एकवीस चित्रचौकटींनी, म्हणजे सुमारे एक तृतीयांश सेकंदाने एकदाच घेतली जाते, आणि म्हणून त्याहून कमी बचत पदरात पडतच नाही, हे कोणी सांगितले की मग एखाद्या जोखमीच्या उडीची निकड ध्यानात येते.

थेट प्रक्षेपणात मौन फार जड वाटते, आणि म्हणून स्ट्रीमर सतत बोलत राहतात. परंतु विचाराचा भार वाढला की माणसाची वाणी आपोआप खुंटते, हे मानसशास्त्रज्ञांनाही आढळलेले आहे. प्रामाणिक खेळाडूचे असे दोन-चार क्षणांचे मौन प्रेक्षकाला बरेच काही सांगून जाते. बोलत राहायचेच असेल तर ते दोघांच्या संवादात अधिक रंगते. भारतात २०२० च्या टाळेबंदीत विनोदकार समय रैना आणि ‘चेसबेस इंडिया’चे सागर शहा यांनी बुद्धिबळाला जो नवा प्रेक्षक मिळवून दिला, त्यातही एक शिकणारा आणि एक शिकविणारा अशी जोडी होती, आणि प्रेक्षकाच्या मनातील शंका शिकणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडत असे. मुंबईचे आदित्य सावंत ऊर्फ ‘डायनॅमो’ यांचे ‘पट से हेडशॉट’ हे पालुपद तर पबजी हा गेम न खेळणाऱ्यांच्याही परिचयाचे झाले. अर्थात पालुपदाने ओळख पटते. प्रेक्षक टिकतो तो दोन पालुपदांच्या मधल्या भागासाठी.

गेमच्या निर्मात्यांना या प्रकाराविषयी वाटणारी धास्तीही येथे विचारात घेतली पाहिजे. निन्टेन्डोने २०१३ साली अशा चित्रणांवरील जाहिरातींच्या उत्पन्नावर हक्क सांगितला, पुढे हिस्सा देण्याची योजना काढली, आणि २०१८ साली ती गुंडाळून काही अटींवर मुभा दिली. ‘पर्सोना ५’च्या वेळी २०१७ साली अॅटलस कंपनीने गेममधील कथेच्या ठराविक तारखेपुढचे प्रक्षेपण करू नये असे फर्मान काढले, आणि ओरड होताच क्षमा मागून ती मर्यादा पुढे ढकलली. याहून विचार करायला लावणारी तक्रार ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ या २०१६ सालच्या गेमच्या निर्मात्यांची होती. कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहानग्याची कहाणी रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याने त्यात मांडली होती, आणि अनेकांनी ती दुसऱ्याच्या चित्रणात संपूर्ण पाहिली, पण गेम विकत घेतला नाही, असे त्यांनी खेदाने लिहिले. ज्या गेममध्ये खेळाडूच्या निर्णयाला फारसा वाव नाही, तो दुसऱ्याने खेळला काय अन् आपण खेळला काय, अनुभव जवळजवळ तोच राहतो. तेथे समालोचकाने मूळ निर्मात्याचे मोल चुकते करण्याची, निदान प्रेक्षकाला तशी आठवण देण्याची, नैतिक जबाबदारी स्वीकारली पाहिजे. उलट जेथे प्रत्येक खेळाडूचा मार्ग निराळा, तेथे असे चित्रण त्या गेमचे दुय्यम रूप न राहता एक स्वतंत्र कृती होते.

हा आस्वाद ज्याला नव्याने घ्यावयाचा असेल, त्याने आपण स्वतः पूर्ण केलेला, निर्णयांना भरपूर वाव असलेला एखादा गेम निवडावा आणि तो परस्परांहून भिन्न स्वभावाच्या दोन माणसांनी प्रथमच खेळलेला पाहावा. एक जण प्रत्येक कोपरा धुंडाळील, दुसरा सरळ पुढे धावेल. एक जण चूक झाली की गेमला दोष देईल, दुसरा आपल्या तर्काची पुन्हा छाननी करील. गेम तोच असल्यामुळे जो फरक उरेल तो निव्वळ माणसांचा असेल, आणि त्या फरकात आपले मन रमते की नाही, एवढ्यावरूनच हा छंद आपला आहे की नाही हे ज्याचे त्याला ठरविता येईल.