गडबचे गॅरेज वाडीजवळ कसे आले



गडब येथील एका बंद गॅरेजची शेड आपल्या कामासाठी मिळाल्याचे मागच्या अंकात दोन ओळींत कळवले होते. त्यानंतर मंडळीतल्या बऱ्याच जणांनी भेटीत आणि फोनवर विचारले, की जुने गॅरेज उचलून आणण्यापेक्षा नवी खोलीच का बांधली नाही? काहींचा समज असा झाला, की इमारत फुकट मिळाली म्हणजे आता खर्च उरला नाही. बांधकामाची देखरेख माझ्याकडे आहे, म्हणून हे काम कसे केले, काय आणले आणि काय मुद्दाम मागे ठेवले, ते सविस्तर लिहितो.

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ ओलांडून नागोठण्याकडे निघाले की गडब लागते. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे या रस्त्याने गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रस्ता रुंद होताना कडेची हॉटेले, टपऱ्या, टायर-पंक्चरची दुकाने मागे सरकली, काही कायमची बंद झाली. आपल्याला मिळालेल्या गॅरेजच्या मालकांनीही धंदा बदलला होता आणि त्यांना जागा मोकळी करून हवी होती. भंगारवाला शेड तोडून नेणारच होता. त्याऐवजी ती आपण न्यावी, असे त्यांनी सुचवले.

शेड ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब. दोन्ही बाजूंना पाच-पाच असे दहा लोखंडी खांब, त्यांवर पाच कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि कैच्यांवर आडवे अँगल. खालून कंबरेइतकी विटांची भिंत, वर पत्रे. पुढे दोन रोलिंग शटर. छपराचा अर्धा भाग सिमेंट पत्र्यांचा आणि अर्धा लोखंडी पत्र्यांचा होता.

अशी इमारत हलवता येते याचे कारण ती नटबोल्टने जोडलेली असते. विटांचे घर जॅक लावून उचलणारे हरियाणाचे कारागीर आता महाराष्ट्रातही काम करतात, पण ते घर बहुधा जागच्या जागी काही फूट वर घेण्यासाठी. दुसऱ्या गावाला नेण्यासाठी नव्हे. लोखंडाचे तसे नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ जी वॉटसन हॉटेलची इमारत आहे, तिचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजाने आणल्या आणि १८६० च्या दशकात इथे जोडल्या. लाकडाचेही असेच. उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चला गेलात तर छताच्या तुळया जरूर पाहा. श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाच्या महालातले लाकूड उतरवून ते घाटावर नेले आणि १८३० च्या सुमारास या चर्चमध्ये बसवले. जुन्या इमारतीतून नवी उभी करण्यात कमीपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले.

पण आपल्या निर्णयामागचे मोठे कारण वेगळे होते. आपण ज्या कातकरी वाडीसाठी काम करतो, तिथली बहुतेक घरे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी आहेत. रायगडातल्या अनेक कातकरी वाड्यांची हीच स्थिती आहे. कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण पायाखालची जमीन कोणा खातेदाराची किंवा वनखात्याची. अशा ठिकाणी विटा-सिमेंटमध्ये घातलेला पैसा जागेबरोबरच अडकतो. उद्या जागा सोडावी लागली, तर भिंती तिथेच राहतात. बोल्टची इमारत पुन्हा उतरवता येते. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब दरवर्षी तिथे झोपडी उभारते आणि पावसाआधी परत येते. घर उतरवणे-उभारणे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. खांब उभे करताना वाडीतल्या तरुणांनी दोर ज्या पद्धतीने बांधले, ते पाहून फॅब्रिकेटरही थांबून बघत राहिला.

जागा मात्र आपण वाडीच्या आत घेतली नाही. वाडीला लागून एका सभासदांची स्वतःच्या नावावरची जमीन आहे, ती वापरायला मिळाली. कोणी विचारले, की एखाद्या आदिवासी खातेदाराकडूनच तुकडा का घेतला नाही? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि हा नियम आदिवासींच्याच संरक्षणासाठी आहे. आपल्यासारख्या संस्थेने तर तो अधिक काटेकोरपणे पाळावा.

परवानगीबद्दल एक गोष्ट बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. गडबला गॅरेजची घरपट्टी भरलेली होती, कागद नीट होते. पण ते कागद त्या जागेचे. शेड हलली तरी परवानगी तिच्याबरोबर येत नाही. नव्या जागेसाठी सातबारा, नकाशा आणि वापर बदलाचे काम पहिल्यापासून करावे लागले, आणि ग्रामपंचायतीत अर्जही नव्याने द्यावा लागला. मालकांकडून शेड दिल्याचे लेखी पत्र घेतले, कारण एवढे लोखंड टेम्पोत भरून रस्त्याने नेताना कोणी अडवले तर दाखवायला काही हवे.

होकार देण्याआधी आम्ही तपासणीला गेलो, तेव्हा सर्वांत जास्त वेळ जमिनीलगतच्या वीतभर भागात गेला. गडब धरमतर खाडीच्या बाजूचे, हवा खारी. खांब वर चांगला दिसतो आणि पायाशी, जिथे पाणी साचते तिथे, आतून खाल्लेला असतो. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, टोकदार सळईने टोचून पाहायचे. आठ खांब ठणठणीत वाजले. दोन खांबांचा खालचा फूटभर भाग कापून नवा जोडावा लागेल असे दिसले, आणि तेवढा खर्च परवडणारा होता. निम्मे खांब तसे निघते, तर मी नकोच म्हटले असते.

खरी अडचण छपराची होती. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे पत्रे आपल्याकडे आजही बाजारात मिळतात आणि न फुटता जागेवर असेपर्यंत त्यांचा उपद्रव कमी असतो. पण बोल्ट गंजलेला जुना पत्रा न फोडता काढणे अवघड, आणि फुटला की धूळ उडते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार उमटायला कधी कधी तीस-चाळीस वर्षे जातात. पत्रे चांगले आहेत, निदान मुतारीला तरी वापरू, असा आग्रह आमच्यातल्याच काहींनी धरला. मी तो मानला नाही. ज्या छपराखाली सहा-सात वर्षांची मुले रोज बसणार आहेत, त्याच्या आसपासही ते नको होते. पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अखंड उतरवले. काम करणाऱ्यांना मास्क दिले. आणि एकही पत्रा वाडीकडे आणला नाही. वाडीतल्या कोणी चुलीवर आडोसा म्हणून तुकडा मागितला, त्यालाही नाही म्हटले. हे सांगताना वाईट वाटते, कारण पावसाळ्यात गळक्या झोपडीत राहणाऱ्याला फुकटचा पत्रा नाकारणे सोपे नसते. त्या घरांना प्लास्टिकचे कापड दिले.

गॅरेजची जमीनही आणायची नव्हतीच, पण तिथली मातीसुद्धा भरावासाठी घेतली नाही, कारण वर्षानुवर्षांचे ऑइल तिच्यात मुरलेले. खांबांवरचा जुना रंग कोरडा घासू दिला नाही. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, आणि लोखंडावरचे औद्योगिक रंग त्यातही येत नाहीत. जिथे गॅसने कापायचे, तिथला रंग आधी ओला करून खरवडला.

उतरवण्याआधी मोजमाप घेतले. नकाशा कोणाकडेच नव्हता. दोन खांबांत १० फूट अंतर आहे असे मालक सांगत होते, टेप लावल्यावर कुठे ९ फूट १० इंच, कुठे १० फूट १ इंच निघाले. नव्या पायाचे बोल्ट याच मापांनी बसवायचे, नाहीतर कैची वर चढवल्यावर भोक जुळत नाही. म्हणून प्रत्येक खांबाच्या तळपट्टीचा पुठ्ठ्यावर ठसा घेतला आणि काँक्रीट ओतताना बोल्ट त्या ठशात धरले. प्रत्येक भागावर रंगाने अक्षर आणि आकडा घातला. बोल्ट वेगवेगळ्या गोणपाटात. आधी पत्रे, मग अँगल, मग एका टोकाकडून एकेक कैची. कैच्यांना तिरके ताण देणाऱ्या पट्ट्या शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत, कारण त्या आधी काढल्या तर उरलेल्या कैच्या पत्त्यांसारख्या एकमेकींवर पडतात. तीस फुटांची कैची टेम्पोत मावत नाही, म्हणून ती मधोमध कापली आणि नव्या जागी पट्टी लावून बोल्टने जोडली.

आता पाया. सगळ्यात जास्त पैसा इथे गेला, म्हणून हिशेब देतो. पत्र्याची शेड वजनाने खचत नाही, वाऱ्याने उडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा आपल्या भागात किती छपरे गेली ते सर्वांनी पाहिले आहे. भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर धरतात. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. आणि पत्र्याचे वजन? दर चौरस मीटरला चार-पाच किलो. पुढचे शटर उघडे राहिले तर वारा आत शिरतो आणि छपराला खालूनही ढकलतो. आपल्या छपराचे क्षेत्र सुमारे १११ चौरस मीटर. म्हणजे वरची ओढ दहा-अकरा टनांच्या घरात जाऊ शकते, आणि पत्र्यांसह अख्खा सांगाडा तीनएक टनांचा. हा फरक जमिनीने धरून ठेवायचा असतो. मधल्या खांबावर सव्वा टनापर्यंत ओढ येईल असे धरून प्रत्येक खांबाखाली तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा काँक्रीटने भरला. एवढे काँक्रीट सुमारे १,८०० किलो भरते. जागा चढावर असल्याने खाली मुरूम लागला, हे बरे झाले. खारपाटातली चिकणमाती असती तर आणखी खोल जावे लागले असते.

छपरासाठी नवे पत्रे घेतले. जुने लोखंडी पत्रे चांगले होते, पण त्यांना बोल्टची भोके पडलेली, आणि कोकणातल्या पावसात भोक बुजवलेला पत्रा गळतोच. ते बाजूंना उभे लावले. तिथे पाणी थांबत नाही. एक शटर ठेवले. दुसऱ्याच्या जागी तीन खिडक्या बसवल्या. गॅरेजची उंची १४ फूट असल्यामुळे उन्हाळ्यात गरम हवा वर राहते, आणि वरून ती बाहेर जावी म्हणून कण्याजवळ फट ठेवली आहे. इथे रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही. आई-वडील भट्टीवर गेल्यावर आजी-आजोबांकडे राहणारी मुले दिवसा इथे अभ्यासाला बसतील, आणि डॉक्टर येतात त्या दिवशी तपासणी होईल.

आता पैशाचे. सांगाडा फुकट मिळाला, पण उतरवणे, वाहतूक, दुरुस्ती, पाया आणि छप्पर यांना पैसे लागले. तरीही नव्या लोखंडाचे अडीच टन विकत घ्यावे लागले नाहीत, हीच बचत. भट्टीत खनिजापासून एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गडबशेजारी डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, तरी आपण जुनेच लोखंड वापरले, याचे काही सभासदांना हसू आले.

आणखी एक खुलासा, कारण त्यावरही विचारणा झाली. शेड देणाऱ्यांना आम्ही ८०-जी ची पावती दिलेली नाही. आयकराची ती सवलत पैशाच्या देणगीलाच मिळते, वस्तूला नाही. आणि रोख दिलेली देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर तिलाही मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम देताना चेक किंवा बँकेतूनच द्यावी.

फरशीचा कोबा, पन्हाळी आणि मुतारीचे काम बाकी आहे. पन्हाळी आधी करतो आहोत, कारण पागोळ्यांचे पाणी खांबांच्या पायाशी पडले तर गडबला जे झाले तेच इथे होईल. आपल्या ओळखीत कोणी जुनी शेड, पाण्याची टाकी किंवा लोखंडी दरवाजे देऊ इच्छित असेल तर आधी फोटो पाठवायला सांगावे. छपराचा एक, जोडांचा एक, आणि खांब जमिनीत जातो तिथला अगदी जवळून घेतलेला एक.