पिलरच्या पायाशी दडलेला खड्डा

पालमकडे गोदावरीला पूर आला, की पुलावरून तुम्ही पाणी किती चढलं ते बघता. खरा खेळ तळाशी चालतो. पिलरवर आदळलेलं पाणी खाली घुसतं आणि भोवरा होऊन पायाभोवतीची वाळू उपसतं. अडथळा जितका रुंद, तितका खड्डा खोल. त्यामुळे वाळूउपशाने पिलरखालचा रुंद पाया उघडा पडला, की तोच खड्डा वाढवतो! पूर ओसरताना खड्डा सैल वाळूने भरतो. उन्हाळ्यात सगळं ठीकच दिसतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसट्या वाहून गेल्या. नंतर राज्यभर पूल तपासायची घाई झाली. पण सिव्हिलवाल्यांनो, कठड्याच्या भेगा मोजून पायाचं काय कळणार? खोली मोजायची तर भर पुरात, पिलरपाशीच.