तोरण्याला उंची आहे, द्राक्ष नाही

उंच डोंगरातल्या द्राक्षांची भारी वाइन म्हटलं की भोर-वेल्ह्याच्या माणसाला प्रश्न पडतोच. अर्जेंटिनातल्या उको खोऱ्यात साधारण ९०० ते १५०० मीटरवर बागा आहेत आणि आमचा तोरणाही १४०० मीटरचा. मग अडलं कुठे? अडलं ते पावसात. वेल्ह्यात जूनपासून भाताच्या खाचरांतलं पाणी हटत नाही. तिथे वेल लावला तर घड धरायच्या आत केवडा रोग पानं संपवील. उकोला वर्षाकाठी जेमतेम दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस, बागा जगतात त्या अँडीजच्या वितळलेल्या बर्फावर. डोंगराने ढग अडवायचे आणि द्राक्षाने त्याच्या पाठीमागे कोरड्यात राहायचं. आपल्याकडेही तसंच झालं. श्यामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यात वाइन सुरू केली ती नारायणगावला. सुलाची वायनरी नाशिकला उभी राहिली, फ्रातेल्लीची अकलूजकडे.

शिराझ या वाइनच्या द्राक्षाची तोडणी बघायला मी नाशिकजवळ दिंडोरीकडे गेलो तो फेब्रुवारीत. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे घड पिकतात ते थंडीच्या अखेरीस. दुपारी ऊन चटके देतं, पहाटे स्वेटर लागतो. उंचीचा खरा उपयोग या पहाटेच्या गारव्यात आहे. रात्र थंड असली की साखर चढत असतानाही आंबटपणा टिकतो, नाहीतर वाइन नुसतीच गोडसर-जड होते.

बायका अंधारातच, डोक्याला दिवे बांधून कात्री चालवत होत्या. ऊन चढायच्या आत माल गार असतानाच क्रेट हलले पाहिजेत. मुकादमबाईंनी एक मणी माझ्या हातावर दाबून फोडला. साल काळीजांभळी, रस मात्र जवळपास बिनरंगी. "रंग सालीत असतो, दादा. बी चावून बघा." बी तपकिरी, कुरकुरीत होती. ती हिरवी असेपर्यंत रिफ्रॅक्टोमीटरवर साखर २४ ब्रिक्स दिसली तरी घाई करायची नाही. कच्च्या बीचा तुरटपणा पुढे बाटलीत उतरतो.

कारखान्यात देठ वेगळे होतात आणि रस सालीबियांसकट स्टीलच्या टाकीत जातो. पांढऱ्या वाइनला साल आधीच काढतात. लाल वाइनची सगळी मदार तिच्यावर. यीस्ट साखर खायला लागलं की निघणारा वायू साली वर ढकलतो आणि हात रुतेल एवढा जाड थर तयार होतो. तो सुकला की बिघडलाच. म्हणून खालचा रस पंपाने वर घेऊन दिवसातून दोन-तीनदा त्यावर सोडतात. मी पाइपाच्या तोंडाशी उभा होतो. पहिल्या टाकीतला रस गुलाबी, शेजारच्या चार दिवस जुन्या टाकीतला शाईसारखा. वास घ्यायला मी झाकणावर वाकलो तसा तिथल्या पोऱ्याने दंड धरून मागे ओढला. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, माणूस तिथल्या तिथे आडवा होतो.

पुढे साली दाबून काढायच्या, वाइन ओकच्या पिंपात भरायची आणि वाट बघायची. सुलाची रासा काय किंवा सांजोव्हेजे आणि कॅबर्नेची मिळून केलेली फ्रातेल्लीची सेत्ते काय, दोन्हींना पिंपातला हा मुक्काम चुकत नाही. बघण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

भारी वाइन इतकी महाग का, हे कोडं मला उलगडलं ते बागेत. खायच्या द्राक्षाला जिब्रेलिक ॲसिड देऊन मणी फुगवतात. इथे मणी लहानच हवा, रस कमी आणि साल जास्त. शिवाय उरलेले घड नीट पिकावेत म्हणून चांगले घडसुद्धा हिरवे असतानाच कापून जमिनीवर टाकतात. कराराने माल देणारा शेजारचा बागायतदार त्यावर कुरकुरत होता. "खायच्या मालाला एकरी दहा टनांच्या पुढे जातो मी. हे वायनरीवाले म्हणतात चार-पाचावर थांबा. मग किलोचा भाव दुप्पट नको का?" व्यवस्थापक चहा पीत होते. या हंगामाचा भाव अजून ठरायचा होता.