चंडी आणि मी

नेरूळची आमची सोसायटी सिडकोच्या जुन्या इमारतींपैकी. तळमजल्यावर मीटरची खोली, तिच्यामागे मोडक्या सायकली आणि कुंड्यांचा ढीग. त्या ढिगात एक करड्या पट्ट्यांची मांजरी राहायची. कुणी पाच हातांवर आलं तरी फिस्कारायची. म्हणून वॉचमनकाकांनी तिचं नाव ठेवलं चंडी.

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट. मुसळधार पावसात कचरा टाकायला खाली गेले, तर चंडी मान वाकडी करून बसलेली. मानेवर रुपयाएवढी जखम आणि घाण वास. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. लहानपणी गावी बैलाच्या खांद्याला झालेलं पाहिलं होतं, त्यामुळे लगेच ओळखलं.

सोसायटीत सल्ल्यांना काय तोटा! एक काकू म्हणाल्या, "फिनेल ओत, किडे मरतील." दुसऱ्या म्हणाल्या, "तापाची अर्धी गोळी दुधातून दे." बरं झालं, आधी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या जवळजवळ ओरडल्याच. फिनेल मांजराच्या कातडीतून आणि चाटण्यातून अंगात भिनतं, ते विषच. आणि आपल्या घरात सहज असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही. "घरचे उपाय नकोत, तिला घेऊन या," त्या म्हणाल्या.

पण न्यायची कशी? मी शहाणपणा केला आणि जाडा टॉवेल टाकून धरायला गेले. चंडीने हाताला कडकडून चावा घेतला आणि पसार झाली. चूक माझीच होती. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली आणि तडक दवाखाना गाठला. कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत असतं? ही लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि सगळे डोस वेळेवर घ्यावेच लागतात. आमचे हे म्हणाले, "आता पुरे झालं." मी म्हटलं, "आता तर सुरुवात झाली."

ओळखीच्या एका प्राणिमित्र मुलाने पिंजरा आणून दिला. त्याचं दार बांधून उघडं ठेवलं आणि आत मांदेली ठेवली. पहिल्या संध्याकाळी चंडी लांबूनच हुंगून गेली. दुसऱ्या दिवशी भुकेपोटी आत शिरली आणि दार पडलं. केवढी धडपड! पण पिंजऱ्यावर जुनी चादर टाकताच शांत झाली. अंधारात मांजराला सुरक्षित वाटतं. रिक्षा केली, डॉक्टरीणबाईंनी गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि चिमट्याने एकेक अळी काढली. "आणखी दोन दिवस गेले असते तर हाती लागली नसती," त्या म्हणाल्या.

पुढचे दहा दिवस आमच्या बाल्कनीत मोठ्या पिंजऱ्यात चंडीचं बाळंतपण! पातळ औषध कुस्करलेल्या मासळीत मिसळून द्यायचं. मासळीवाल्या मावशींनी डोकी-शेपट्यांचे पैसे घेतले नाहीत. "औषधाला पैसे कशे घेऊ?" म्हणाल्या.

चार दिवस ती माझ्यासमोर घास घेईना. मग मी पाठमोरी बसून पेपर मोठ्याने वाचू लागले. टक लावून बघणं म्हणजे मांजराच्या लेखी भांडणाचं आमंत्रण. उलट डोळे हळूच मिटून उघडले की त्याला भरवसा वाटतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच दाखवून दिलं. पाचव्या दिवशी चंडी माझ्यादेखत जेवली. त्या रात्री मी लेकीला फोन करून सांगितलं, जणू घरात पोराने पहिलं पाऊल टाकलं होतं.

महिला मंडळाच्या कामात मार खाऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पहिल्याच भेटीत प्रश्न विचारले की त्या गप्प होतात. नुसता चहा देऊन शेजारी बसलं, तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपणहून बोलतात. चंडीने तोच धडा पुन्हा गिरवून घेतला.

जखम भरल्यावर तिची नसबंदी करून घेतली. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत पिल्लं देते, मग सोसायटीत तक्रारी सुरू होतात. गुंगीतच तिच्या कानाचं टोक किंचित कापलं. शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण, म्हणजे पुन्हा कुणी तिला पकडत नाही.

घरीच का नाही ठेवली, असं सगळ्या विचारतात. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताखाली आलं तर सहज माणसाळतं. मोठ्या झालेल्या अशा मांजराला घर म्हणजे तुरुंगच. म्हणून तिला मीटरच्या खोलीजवळच सोडलं. मागे वळूनही न बघता पळाली. आठ दिवस पत्ता नाही. वाटलं, एवढं करून शेवटी मी तिच्यासाठी पिंजऱ्यात कोंडणारी बाईच राहिले.

नवव्या संध्याकाळी सहाच्या सुमारास ती पायरीवर येऊन बसली. मी मासळी ठेवली आणि बाजूला झाले.

मैत्रिणींनो, तुमच्या दारातही अशी एखादी चंडी असेल. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी नसतो, तिथे जरूर विचारा. मोकळ्या हाताने धरू नका, आपली औषधं देऊ नका आणि घाई तर मुळीच करू नका.

चंडी अजूनही हात लावू देत नाही. पण पाच हातांचं अंतर आता दीड हातावर आलंय. आणि जेवण झालं की ती माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटते. मला तेवढं पुरतं.