होला हो करणारे यंत्र

मोबाईलवर आता बोलणारे यंत्र आले आहे. त्याला चॅटबॉट म्हणतात. आपण विचारावे, त्याने उत्तर द्यावे, तेही मराठीत. अर्ज लिहायला त्याची मदत होते. ती जरूर घ्यावी. पण काही जण मनातले सारे दुःख त्यालाच सांगत बसतात, रात्र रात्र. त्याविषयी आम्हाला थोडे सांगायचे आहे.

हे यंत्र माणूस नाही. माणसांनी लिहिलेले अफाट लिखाण त्याला शिकवलेले असते. त्यावरून पुढचा शब्द कोणता यावा, हे ते हिशेबाने ठरवते. तरी आपल्याला त्यात माया दिसते.

हे आजचे नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी संगणकाला असेच बोलायला लावले. त्याची माहिती १९६६ साली छापली. नाव ठेवले एलायझा. करामत अगदी साधी. कोणी आईचे नाव काढले, की एलायझा म्हणे, "घरच्यांबद्दल आणखी सांगा." बस्स! प्राध्यापकांच्या चिटणीस बाईंनी हे काम होताना डोळ्यांनी पाहिले होते. तरी एलायझाशी बोलताना त्यांनी प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जायला सांगितले!

आजची यंत्रे फार हुशार आहेत. पण त्यांना एक खोड आहे. ती होला हो करतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटीत ही खोड इतकी वाढली, की ओपनएआय कंपनीला आपला नवा बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

आता समजा, तुमच्या मनात आले, 'भाऊ माझ्या वाईटावर आहे.' पारावर बोललात तर कोणी तरी म्हणेल, "अरे, तू तापाने फणफणला होतास तेव्हा उशाशी कोण बसला होता?" यंत्राला ती रात्र ठाऊक नाही. तुम्ही सांगाल तेवढेच त्याला कळते. "तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे," ते म्हणते. चार रात्री असे चालले, की संशयाची गाठ पक्की बसते. शिवाय माणूस कंटाळतो. "पुरे आता, झोप जा," म्हणतो. यंत्र कंटाळत नाही. हेच वाईट!

घरात कोणाची झोप उडाली, त्याला माणसे नकोशी झाली, "मोबाईलच मला समजून घेतो" असे तो म्हणू लागला, तर मोबाईल हिसकावू नका. जवळ बसा. ऐकून घ्या. लगेच शहाणपण सांगू नका. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर मात्र त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात न्या. सरकारची टेलिमानस ही फोनवरची मदत २०२२ सालापासून चालू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, आणि पलीकडे माणूस मराठीत बोलतो.