चिलखत टिकलं, आरमार बुडालं

चीन-जपान युद्ध, १७ सप्टेंबर १८९४ची दुपार. यालू नदीच्या मुखाबाहेर जपानी ताफा अजून पाचएक किलोमीटरवर होता, तेवढ्यात ‘दिंगयुआन’ या चिनी युद्धनौकेने तोफ डागली. गोळा पाण्यात पडला. नौकेवरचा ब्रिज मात्र कोसळला आणि त्यावर उभे असलेले सरदर्यासारंग दिंग रुचांग जायबंदी झाले. आपल्याच तोफेच्या हादऱ्याने तो कोसळला, असं बरेच जण सांगतात. दिंग मुळात घोडदळातले, हेही ओघाने आलंच!

नौका मात्र अस्सल होती. चिनी मुत्सद्दी ली होंगझांग यांनी ‘दिंगयुआन’ आणि तिची जुळी बहीण ‘झेनयुआन’ जर्मनीत, श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत बांधून घेतल्या. सुमारे सात हजार टन वजन, कमरेला ३५ सेंटिमीटर जाडीचा चिलखती पट्टा, क्रुपच्या चार अजस्र तोफा. चीनचं फ्रान्सशी युद्ध जुंपल्याने जर्मनीतच अडकलेल्या या नौका १८८५मध्ये चीनला पोहोचल्या. पुढच्याच वर्षी नागासाकीला गेल्या, तेव्हा चिनी खलाशांची तिथल्या पोलिसांशी रक्तरंजित मारामारी झाली. जपानने धसका घेतला. या दोघींना फोडायला म्हणून एकेक ३२ सेंटिमीटरची तोफ बसवलेल्या ‘मात्सुशिमा’ जातीच्या नौका तयार झाल्या.

इकडे पेकिंगमध्ये आरमाराचा पैसा राजमातेच्या उन्हाळी महालाकडे वळत होता. १८९१मध्ये परदेशी तोफा-जहाजांची खरेदीच थांबवली गेली.

यालूला दोघींवर मिळून शेकडो गोळे आदळले, वरचं सगळं जळलं-मोडलं. पण चिलखत एकालाही भेदता आलं नाही. उलट ‘झेनयुआन’च्या गोळ्याने ‘मात्सुशिमा’वरचा दारूगोळा पेटवला, माणसं होरपळली. असे फुटणारे मोठे गोळे चिन्यांकडे मोजकेच होते. मग पाच चिनी जहाजं गेली, जपानचं एकही बुडालं नाही. मला या सगळ्यात चिलखतापेक्षा कोठीचा हिशेब जास्त बोलका वाटतो.

शेवट चीनच्याच वेइहायवेइ बंदरात झाला. नोव्हेंबरमध्ये ‘झेनयुआन’ खडकावर घासली. कप्तान लिन तायझेंग यांनी जीव दिला. फेब्रुवारीत एका रात्री टॉर्पेडो बोटींनी ‘दिंगयुआन’ला गाठलं. तिचे कप्तान लिऊ बुछान आणि पाठोपाठ दिंग, दोघांनीही आत्महत्या केली.

जपानच्या हाती लागून दुरुस्त झालेली ‘झेनयुआन’ १९०५मध्ये त्सुशिमाला लढली, जपानी झेंड्याखाली. ‘दिंगयुआन’चं सामान जपानमधल्या दाझाइफूच्या एका घराला लागलं. त्या घराचं फाटक तिच्याच लोखंडी पत्र्यांचं आहे.