एक 'नाकारणे', चार इंग्रजी क्रियापदे

शिरपूरला आमच्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन येतेच. कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाला बँकेचे पत्र. कागद इंग्रजी असला की चांगल्या धीराच्या माणसालाही घाम फुटतो. असेच एकदा शेजारचे नाना आपल्या मुलाला घेऊन आले.

"जय भीम, भाऊ. पोरानं काय लिहून दिलं ते बघा बरं," नाना म्हणाले.

मुलगा एका कारखान्यात कामाला. माल कमी भरल्याचा ठपका ठेवून त्याला इंग्रजीत आरोपपत्र दिले होते. आरोप खोटा होता. मुलाने शब्दकोशात 'नाकारणे' पाहिले. 'रिफ्यूज' हा शब्द सापडला. त्याने बाणेदारपणे उत्तर लिहिले, 'आय रिफ्यूज द चार्जशीट.' त्याला म्हणायचे होते, आरोप मला मान्य नाही. वाक्याचा अर्थ झाला, मी आरोपपत्र घ्यायलाच तयार नाही. पुष्कळ ठिकाणच्या सेवानियमांत आरोपपत्र न स्वीकारणे हेच वेगळे गैरवर्तन धरतात. आठ दिवसांत दुसरे पत्र आले. एका आरोपाचे दोन झाले.

आम्ही त्याच्याकडून खुलासा लिहून घेतला. आरोपपत्र मला मिळाले आहे, त्यातला आरोप मी 'डिनाय' करतो, एवढाच मजकूर. दुसरा आरोप मागे घेतला गेला. पहिल्याची चौकशी चालली, पण ती खऱ्या मुद्द्यावर चालली.

वाचकहो, यात मुलगा अडाणी होता असे नाही. बारावी झालेला मुलगा. आपण इंग्रजी शब्द शिकतो ते जोड्या लावून. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह. पण भाषेत असे बरोबरचे चिन्ह क्वचितच बसते. आपल्या एका 'नाकारणे'ला इंग्रजीत निदान चार भावंडे आहेत. ती दिसायला सारखी, पण स्वभावाने वेगळी.

'रिफ्यूज' म्हणजे करणार नाही, देणार नाही, घेणार नाही. इथे प्रश्न कृतीचा असतो. लाच घ्यायला नकार दिला, तिथे 'रिफ्यूज' शोभते.

'डिनाय' म्हणजे तुम्ही म्हणता ते खरे नाही. इथे प्रश्न खऱ्याखोट्याचा असतो. आरोप, अफवा, बातमी 'डिनाय' करतात.

'रिजेक्ट' म्हणजे पाहून, तपासून बाजूला सारणे. ओला कापूस, चुकीचा फॉर्म, न पटलेला प्रस्ताव 'रिजेक्ट' होतो.

'डिक्लाइन' म्हणजे नम्रपणे नको म्हणणे. लग्नाचे आमंत्रण आले आणि जाणे जमत नाही, तिथे 'रिफ्यूज' लिहिले तर पाहुणे रुसतील.

'डिनाय'ला आणखी एक अर्थ आहे आणि तो आपण विशेष ध्यानात ठेवावा. एखाद्याच्या हक्काची गोष्ट त्याला न मिळू देणे, यालाही इंग्रजीत 'डिनाय' म्हणतात. शेजाऱ्याने सायकल दिली नाही तर त्याने 'रिफ्यूज' केले, कारण सायकल त्याची आहे. पण महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना मिळू दिले जात नव्हते, तिथे 'डिनाय' हाच शब्द हवा. ते तळे सार्वजनिक होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी प्यायले ते कुणाची मेहरबानी मागायला नव्हे, हक्क बजावायला. तक्रार अर्जात 'रिफ्यूज' लिहिले की नकार दिला एवढेच कळते. 'डिनाय' लिहिले की हक्क डावलला हे कळते.

दुसरी जोडी 'रिसीव्ह' आणि 'अ‍ॅक्सेप्ट' यांची. 'घेतले' म्हणताना आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो. पोस्टमनने पत्र हातात दिले, ते 'रिसीव्ह' झाले. त्यातले म्हणणे पटले, तरच ते 'अ‍ॅक्सेप्ट' झाले. शिरपूरवरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. महामार्ग रुंद व्हायचा असो की कुठे धरण व्हायचे असो, कुणाची तरी जमीन जाते आणि मोबदल्याचा कागद येतो. 1894च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद होती की, हरकत न नोंदवता ज्याने पैसे घेतले, त्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम 18 खाली अर्ज करता येत नसे. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या 2013च्या नव्या कायद्यातही ही अट कायम आहे. म्हणून जाणकार वकील पावतीवर 'रिसीव्ड अंडर प्रोटेस्ट' असे लिहायला सांगतात. म्हणजे पैसे मिळाले, पण रक्कम मान्य नाही. दोन जास्तीचे शब्द, पण त्यांच्यावर शेताच्या किमतीचा प्रश्न उभा असतो.

हे सारे वाचून मुलांनी आपली भाषा कमी दर्जाची आहे असे मात्र समजू नये. उलटीही उदाहरणे आहेत. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. इंग्रजाला या सगळ्यांना एक 'वेअर' पुरते. आपण माठ फोडतो, काठी मोडतो, साखळी तोडतो. त्याच्याकडे बहुतेक वेळा एक 'ब्रेक'. घरात अहिराणी, शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना असा बारीक भेद करण्याची सवय लहानपणापासून असते. तीच नजर इंग्रजीकडे वळवायची आहे.

उपाय सोपा आहे. एक वही करावी. पानाच्या मध्यभागी एक मराठी क्रियापद लिहावे आणि भोवती त्याची इंग्रजी भावंडे. प्रत्येकाचे एक पूर्ण वाक्य लिहावे, नुसता शब्द नको. मोबाइलवर भाषांतर करतानाही एकटा शब्द घालू नये, आख्खे वाक्य घालावे. आणि सहीचा कागद असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नये. त्यात लाज कसली?

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी तीन इंग्रजी क्रियापदे दिली. एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. आपण मराठीत म्हणतो शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. अर्थ जवळचा, तरी जरा वेगळा. 'अ‍ॅजिटेट'चे मूळ हलवणे, ढवळणे यात आहे. आधी मन आणि विचार ढवळून निघाले पाहिजेत. आणि स्वतः शिकण्याला इंग्रजीत 'लर्न' म्हणतात. 'एज्युकेट' म्हणजे स्वतःला घडवणे आणि दुसऱ्यालाही घडवणे.

नानांचा मुलगा आता रविवारी आमच्याकडे येतो. गल्लीतल्या सात-आठ मुलांना घेऊन वही उघडतो. पहिल्या पानावर 'नाकारणे' आहे. ते पान तो स्वतःच शिकवतो.